कारखान्याचे मागचे दार

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी वक्ता नव्हे. माझी सारी नोकरी कारखान्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यात, पाणी तपासण्यात आणि वहीत आकडे लिहिण्यात गेली. अशा माणसाला व्यासपीठावर उभे केले की तो एक तर अडखळतो, नाही तर आकडेच सांगत सुटतो. म्हणून मी सोबत तीन बाटल्या आणल्या आहेत. त्या टेबलावर ठेवल्या आहेत. पहिलीत पिठासारखी बारीक करडी पूड आहे. दुसरीत पांढरट, वाळलेल्या चिखलासारखा गाळ आहे. तिसरीत काळसर राख आहे, आणि ती इतकी हलकी आहे की बाटली हातात घेतली तर रिकामीच वाटेल. तिन्ही वस्तू आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागातल्या कारखान्यांतून निघतात. बोलता बोलता त्यांची ओळख होईल.

आपल्याकडे कारखान्याची ओळख पुढच्या दारावरून होते. फाटक केवढे आहे, पहारेकरी किती, कॉलनी कशी आहे, पगार कोणत्या तारखेला होतो, भरती केव्हा निघणार, या साऱ्याची चौकशी आपण पुढच्या दारी करतो. त्यात गैर काही नाही. या सभागृहात बसलेल्या कितीतरी पालकांच्या घरची चूल वीज केंद्रावर, कोळसा खाणीवर, सिमेंटवर, ट्रकवर, भातगिरणीवर पेटते. कोणी फिटर आहेत, कोणी वेल्डर, कोणी गाडीचे मालक, कोणी चालक. तेव्हा कारखाने वाईट आहेत, ते बंद करा, असे सांगायला मी आलेलो नाही. मी एवढेच म्हणतो की कारखाना समजून घ्यायचा तर त्याच्या मागच्या दाराशी जाऊन उभे राहावे. तेथे धुराडे असते, नाली असते, राखेचा ढीग असतो. आत काय येते हे पुढे दिसते, वाया काय जाते हे मागे दिसते. आपली रोटीही त्याच कारखान्यातून येते आणि आपला खोकलाही तेथूनच येतो.

हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ८८ औद्योगिक परिसरांची पाहणी करून हवा, पाणी आणि जमीन मिळून प्रत्येकाला गुण दिले. ७० च्या वर गेला तो परिसर अत्यंत दूषित. त्या यादीत अंकलेश्वर, वापी, गाझियाबाद आणि चौथे आपले चंद्रपूर होते, गुण ८३.८८. परीक्षेत एवढे गुण मिळाले असते तर पेढे वाटले असते! जानेवारी २०१० मध्ये अशा परिसरांत नव्या व वाढीव उद्योगांना पर्यावरणाची परवानगी देणे काही काळ थांबविण्यात आले. पुढे २०१८ च्या पाहणीत आपला आकडा ७६.४१ वर आला. म्हणजे उतरला खरा, पण सत्तरच्या खाली उतरला नाही.

आता पहिली बाटली. ही करडी पूड म्हणजे कोळशाची उडती राख. दुर्गापूरचे महाऔष्णिक वीज केंद्र १९८३ पासून चालू आहे. त्याचे पहिले दोन संच बंद झाले, तरी क्षमता २९२० मेगावॅट आहे. आपल्या खाणीतल्या कोळशात शंभर भागांत पस्तीस-चाळीस भाग राख असते. एक युनिट वीज करायला पाऊण किलोच्या आसपास कोळसा लागतो. विद्यार्थ्यांनी गुणाकार करून पाहावा. एका युनिटमागे साधारण पाव किलो राख पडते. ज्या घरात महिन्याला शंभर युनिट वीज जळते, त्या घराच्या नावावर दर महिन्याला पंचवीस किलो, म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या गोणीएवढी राख जमा होते. वीज आपल्याकडे तारेने येते, राख दारात येऊन पडत नाही, म्हणून हे लक्षात येत नाही. पण ती कोठेतरी पडतेच.

ही राख जाळलेल्या धुराबरोबर वर जाते. धुराड्याच्या अलीकडे तिला अडविण्यासाठी इएसपी नावाची यंत्रणा असते. तिच्यात उभे पत्रे असतात, मध्ये उच्च दाबाच्या विजेच्या तारा असतात. राखेच्या कणांवर विजेचा भार बसतो, ते पत्र्याला चिकटतात, आणि पत्र्यावर ठरावीक वेळाने हातोडी पडून राख खाली हौदात गळते. यंत्र चांगले आहे. दोष इतकाच की ते स्वतः वीज खाते आणि त्याच्या पत्र्यांची, तारांची निगा राखावी लागते. ज्याला महिन्याचा खर्च कमी दाखवायचा असतो त्याची नजर आधी अशाच यंत्रावर जाते. रात्री पाळीवरून घरी येताना काही धुराड्यांचा रंग दिवसापेक्षा गडद दिसतो, हे येथील पालकांना मी सांगायला नको. २०१४ साली केंद्रीय मंडळाने सतरा प्रकारच्या मोठ्या उद्योगांना धुराड्यावर आणि सांडपाण्यावर सतत मोजमाप करणारी यंत्रे बसवायला सांगितले. त्याने फरक पडला. पण मोजणाऱ्या यंत्राची तपासणीही शेवटी माणूसच करतो, याकडे मी पुढे येणार आहे.

पकडलेल्या राखेचे करायचे काय? पूर्वीची पद्धत अशी की तिच्यात पाणी मिसळायचे आणि तो गाळ नळाने बंधाऱ्यात सोडायचा. त्याला पाणी फार लागते, जमीन फार लागते. नळ फुटला तर ओढा करडा होतो, आणि उन्हाळ्यात बंधारा सुकला की वाऱ्याबरोबर सारी राख गावावर येते. आता ही पूड कोरडी गोळा करून बंद टाकीच्या ट्रकमधून सिमेंट कारखान्यात नेता येते. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा, ही नावे तुम्हांला पाठ आहेत. त्या पट्ट्यात चुनखडी आहे म्हणून तेथे सिमेंट आले. सिमेंट करताना चुनखडी भाजतात. भट्टीतला माल साधारण १४५० अंशांपर्यंत तापवावा लागतो, आणि चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. एक टन क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघणारे सिमेंटचे खडे, करायचे तर नुसत्या दगडातूनच अर्ध्या टनाहून अधिक वायू हवेत जातो. कोळशाचा धूर वेगळाच. हा वायू कोणत्याही गाळणीने अडत नाही. तो कमी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे क्लिंकरच कमी वापरणे. उडती राख क्लिंकरबरोबर दळली तर पाण्याशी संयोग होऊन तीही दगडासारखी घट्ट होते. भारतीय मानकाप्रमाणे अशा सिमेंटमध्ये शंभरात पंधरापासून पस्तीस भागांपर्यंत राख चालते. गोणीवर पीपीसी असे छापलेले असते ते हेच. घर बांधताना "राखेचे सिमेंट नको" म्हणून हटून बसणारे पुष्कळ भेटतात. पाणी नीट मारले, घाई केली नाही, तर ते सिमेंट कमी पडत नाही. घाई आपण करतो आणि बोल राखेला लावतो.

राखेच्या वापराचा पहिला सरकारी आदेश १९९९ सालचा. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने तर वीज केंद्रांवर शंभर टक्के राख कामी लावण्याचे बंधन घातले. आदेशाने काम सुरू होते, पण पुरे होत नाही. डेन्मार्कमध्ये कालुंडबोर्ग नावाचे लहानसे बंदर आहे. तेथे १९६० नंतरच्या काळात वीज केंद्र, तेलशुद्धी कारखाना, औषधाचा कारखाना आणि भिंतीचे पत्रे करणारा कारखाना यांनी एकमेकांचे टाकाऊ पदार्थ घ्यायला सुरुवात केली. एकाची उरलेली वाफ दुसऱ्याला, एकाचे पाणी दुसऱ्याला, एकाचा गाळ शेतकऱ्याला. कोणी मोठी योजना आखली नव्हती. लहान गाव, कारखान्यांचे अधिकारी एकमेकांना ओळखणारे, कोणाकडे काय वाया जाते हे ठाऊक असलेले. आपल्याकडे वीज केंद्र आणि सिमेंट कारखाने एवढे जवळ आहेत की ही देवघेव कालुंडबोर्गपेक्षा सोपी व्हायला हवी.

दुसरी बाटली मला अधिक जवळची. हा पांढरा गाळ कागद कारखान्यातला आहे. बल्लारपूरच्या कागद कंपनीची स्थापना १९४५ ची. पन्नासच्या दशकात तेथे कागद निघू लागला, आणि तो निघू लागला आपल्या जंगलातल्या बांबूवर. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. त्यापूर्वी सारा मुलूख चांदा जिल्ह्याचाच. मानवेल आणि कटांग, या दोन बांबूंनी या कारखान्याला पोसले.

कागद कसा होतो ते विद्यार्थ्यांसाठी सांगतो. बांबूचे तुकडे करून कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात दाबाखाली शिजवतात. धागे मोकळे होतात, त्यांचा लगदा होतो. बांबूच्या कोरड्या वजनाच्या जेमतेम निम्मा भाग लगद्यात उतरतो. उरलेला निम्मा, त्यात धाग्यांना चिकटवून ठेवणारे लिग्निन आले, शिजवलेल्या पाण्यात राहतो. ते पाणी काळेकुट्ट होते. ब्लॅक लिकर म्हणतात त्याला. हे नदीत सोडले तर नदी मेलीच. पण तेच आटवून दाट केले आणि बॉयलरमध्ये जाळले तर त्यातले लिग्निन इंधन होते, वाफ मिळते, वीज मिळते, आणि खाली सोडा उरतो. त्या सोड्याला चुना लावला की पुन्हा कॉस्टिक तयार. मागे राहतो तो हा पांढरा गाळ. तोही भाजून पुन्हा चुना करता येतो, पण बांबूच्या अंगात वाळूचा अंश, सिलिका, फार असतो. तो गाळात साठत जातो, आणि मग भाजण्याचे चक्र बिघडते. अशा वेळी हा गाळ सिमेंटच्या भट्टीत चुनखडीबरोबर घालता येतो. म्हणजे जंगलातल्या बांबूचा एक अंश घराच्या भिंतीत जाऊन बसतो.

हे सारे ज्ञान जुने आहे. मग एके काळी देशातल्या कित्येक लहान कागद गिरण्या काळे पाणी सरळ का सोडून देत? कारण बॉयलरला पैसा लागतो, आणि कच्चा माल स्वस्त असला की वाया गेलेल्याचे दुःख होत नाही. शेजारच्या कर्नाटकाचे उदाहरण पाहा. प्रा. माधव गाडगीळ यांनी दाखवून दिले होते की तेथील कागद कारखान्याला जंगलातला बांबू टनाला दीड रुपया या दराने मिळत होता. टोपल्या विणणाऱ्या गरिबाला मात्र त्याच बांबूसाठी बाजारात टनाला हजाराच्या वर मोजावे लागत. दीड रुपये टनाची वस्तू कोण जपून वापरील? १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने उद्योगांना सवलतीच्या दरात वनोपज देण्याची पद्धत बंद व्हावी असे म्हटले, हे फार बरे झाले.

आणि पुढची गोष्ट तर आपल्याच भागातली. धानोरा तालुक्यातील लेखा-मेंढा हे गोंड लोकांचे लहान गाव. आपल्या रानातला बांबू कागद कारखान्यासाठी तोडला जाऊ नये म्हणून ते गाव वर्षानुवर्षे अडून बसले होते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावे आपण ऐकली असतील. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू हे गौण वनोपज ठरले. २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी माल बाहेर न्यायचा परवाना वनखात्याकडेच होता, म्हणजे घर आपले आणि किल्ली दुसऱ्याकडे. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. तेव्हापासून बांबू किती तोडायचा, कोणाला आणि काय भावाने विकायचा हे गाव ठरवू लागले. बांबूच्या बेटात, ज्याला आपण रांजी म्हणतो, नवे कोंब आणि कोवळे बांबू राखून तीन वर्षांवरचे तेवढे तोडले तर रांजी वर्षानुवर्षे देत राहते. ठेकेदाराच्या मजुराला नगावर पैसे मिळतात, तो हाताशी येईल ते तोडतो. ज्याला पुढच्या वर्षी त्याच रांजीशी यायचे आहे तो तसे करीत नाही. पर्यावरणाची जपणूक कारखान्याच्या फाटकापासून सुरू होत नाही, ती रांजीपासून सुरू होते, असे मला त्या गावाने शिकविले.

आता एक गोष्ट स्वतःची सांगतो. कारखान्याचे नाव घेत नाही, आणि तो कशाचा होता तेही सांगत नाही, कारण चूक माझ्या हाताने झाली होती. मी तेव्हा नवीन होतो. सांडपाण्याचे नमुने घेणे आणि त्यातला बीओडी काढणे हे माझे काम. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू ओढून घेते त्याचे ते माप. नदीत सोडायच्या पाण्यात ते लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत असावे असा नियम. ही तपासणी मोठी विचित्र असते. आज भरलेल्या बाटलीचा आकडा काही दिवसांनी कळतो, आणि तोपर्यंत ते पाणी नदीने कुठल्या कुठे गेलेले असते.

जून महिना होता, पाऊस लांबला होता, नदीत धार बारीक होती. माझा आकडा आला ९२. वरिष्ठांनी तो पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "वही स्वच्छ ठेव." मी २८ लिहिले. त्यांनी मला दम दिला नाही, धमकी दिली नाही. घरी लग्नाच्या दोन बहिणी होत्या, नोकरी नवी होती, आणि २८ हा आकडा लिहायला ९२ पेक्षा जास्त शाई लागत नाही.

आठवड्याभरात खालच्या गावचा एक ढिवर फाटकावर आला. टोपलीत मेलेले मासे घेऊन. पहारेकऱ्याने प्रयोगशाळेत निरोप धाडला. मी वही उघडून त्याला दाखविली. तो बिचारा वाचू शकत नव्हता. त्याने विचारले, "यात लिवलं काय आहे, साहेब?" मी म्हणालो, "पाणी ठीक आहे." त्याने टोपलीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि टोपली तेथेच ठेवून निघून गेला. ती टोपली नंतर मलाच उचलावी लागली.

याच्या पुढचा भाग आमच्याच मोहल्ल्यातल्या एका फिटरचा आहे. दहावीत दोनदा नापास, पुढे आयटीआय केलेला. मासे त्यानेही पाहिले होते. तो मला कारखान्याच्या मागे घेऊन गेला. एका पंपाच्या दांड्यापाशी गळती होती. पाणी सरळ नालीत चालले होते. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही याला घाण म्हणता. हा तर माल वाहून राहिला." त्याने वीस लिटरची बादली लावली आणि मनगटावरचे घड्याळ पाहिले. चाळीस सेकंदांत बादली भरली. सेकंदाला अर्धा लिटर. दिवसाला त्रेचाळीस हजार लिटरच्या वर. पंपाच्या ग्रंथीत बसवायची दोरी, जिला कारखान्यात पॅकिंग म्हणतात, ती झिजली होती. तिची किंमत त्या वेळी एका जेवणाएवढी असेल. त्याने ती दुपारच्या सुट्टीत बदलली. पुढच्या नमुन्याचा आकडा ४४ आला. तो मी ४४ च लिहिला. वरिष्ठ काही बोलले नाहीत, कारण या वेळी "कुठे चुकते ते सापडले आहे" असे सांगता आले. लपविण्यासाठी जेवढे डोके लागते त्याहून कमी डोके शोधण्याला लागले होते. मी मात्र आधीचे ते पान कधी दुरुस्त केले नाही. धैर्य झाले नाही. आज येथे सांगतो आहे तेवढेच.

तेव्हापासून कोणत्याही कारखान्यात गेलो की मी आधी बादली मागतो. मोठी यंत्रे, मोठ्या पाट्या नंतर.

लहान कारखान्यांबद्दल दोन शब्द, कारण त्यांत आपली माणसे मालकही आहेत. वडसा, मूल, नागभीड, सावली या भागांत धानाच्या गिरण्या आहेत. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा वरचे टरफल, म्हणजे तूस. पूर्वी ते ढिगाने पडून राही, पेट घेई. आता उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्या तेच बॉयलरमध्ये जाळतात. कोळसा वाचतो, झाड वाचते, हे उत्तमच. पण त्याची राख ही पाहा, तिसरी बाटली. तूस जळले तरी आतला सिलिका तसाच राहतो, राख हलकी फुलासारखी होते, आणि धुराड्याला साधी धूळ-पकड नसेल तर ती शेजारच्या छपरावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, विहिरीत जाऊन पडते. डोळ्यांत गेली तर टोचते. उसना करताना धान भिजवलेले पाणी दोन दिवस साचले की वास मारते. त्याला एक-दोन टाक्या, थोडी हवा खेळती, एवढे केले तर ते शेताला देता येते. सरकारी तपासनीस मोठ्या धुराड्याकडे जातो, गिरणीकडे क्वचित येतो. म्हणून गिरणीवाल्याला त्याच्या शेजाऱ्यानेच सांगायला हवे, आणि शेजारी बहुधा नात्यातला असल्यामुळे सांगत नाही. असो.

ताडाळी, घुग्घुसकडच्या स्पंज आयर्नच्या भट्ट्यांविषयी फार बोलत नाही. त्या भट्टीतून निघणारा वायू इतका तापलेला असतो की त्यावर पाण्याची वाफ करून वीज काढता येते. ज्याने तशी व्यवस्था केली त्याला वायू हवाहवासा वाटतो, कारण तो वीज देतो. ज्याने केली नाही त्याला तो बला वाटतो. संकटाच्या वेळी उघडायचे म्हणून धुराड्यावर एक झाकण असते. ते झाकण वर्षातून किती वेळा उघडते यावरून मी त्या कारखान्याची परीक्षा करतो. गडचिरोलीत सुरजागडचे लोहखनिज आता मोठ्या प्रमाणावर निघते. जुलै २०२५ मध्ये हेडरीपासून कोनसरीपर्यंत दळलेले खनिज पाण्याबरोबर नळातून नेण्याची सोय सुरू झाली. रस्त्यावरची ट्रकची धूळ जेवढी कमी होईल तेवढे चांगले. त्या नळातल्या पाण्याचा हिशेब कोण कसा ठेवतो, हे त्या भागातल्या सुशिक्षित मुलांनी विचारले पाहिजे.

पाण्याचे नाव निघाले म्हणून सांगतो. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरणात पाणी उरले नाही आणि आपल्या वीज केंद्राचे संच बंद ठेवावे लागले. कोळसा होता, यंत्रे होती, पाणी नव्हते. माझे अब्बा बधन्यातल्या एका पाण्यात वुजू पुरे करीत, आणि आम्ही नळ सोडून बसलो की रागावत. तेवढ्या काटकसरीने वीज केंद्र चालत नाही हे खरे. पण नागपूरकडे पाहा. तेथे शहराचे मैलापाणी भांडेवाडीला शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला देतात. शहराने वापरून टाकलेले पाणी केंद्राला थंड ठेवते, आणि धरणातले तेवढे पाणी माणसांसाठी उरते. चंद्रपूरच्या नाल्या झरपट आणि इरईत जातात. त्या पाण्याचे असे काही करता येईल की नाही, हा प्रश्न येथल्या मुलांनी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला घ्यावा.

पालकांना एक विनंती. नवा कारखाना येणार असला किंवा जुना वाढणार असला की जनसुनावणी होते. तिची नोटीस वर्तमानपत्रात येते, अहवालाचा मराठी सारांश पाहायला मिळतो. आपण तेथे जातो ते बहुधा एकच विचारायला, की आमच्या मुलांना नोकऱ्या किती? तो प्रश्न जरूर विचारा. त्याच्याबरोबर आणखी दोन विचारा. राख कोठे जाणार? आणि पाणी मोजणारा माणूस कोण? कारण ही मोजणीही नोकरीच आहे. रसायनशास्त्रातला पदवीधर, यंत्र दुरुस्त करणारा, नमुना घेणारा, अशी माणसे प्रत्येक मोठ्या कारखान्याला ठेवावी लागतात. आपल्या मुलींना मी मुद्दाम सांगतो की प्रयोगशाळेचे काम हे नजर आणि चिकाटी यांचे आहे, त्यात त्या मागे पडत नाहीत, हे मी पाहिलेले आहे. त्या मुलांमुलींना कधी तरी कोणी तरी म्हणेल, "वही स्वच्छ ठेव." त्या दिवशी घरी आल्यावर ते कोणाशी तरी बोलू शकले पाहिजेत. मला तसे बोलता आले नाही. अब्बांना सांगितले असते तर ते काय म्हणाले असते, याचा विचार मी अजून करतो.

माझी वेळ संपली, अध्यक्षांनी मघाच घड्याळ पाहिले. या तिन्ही बाटल्या मी शाळेच्या प्रयोगशाळेसाठी येथे ठेवून जातो. चिठ्ठ्या चिकटविल्या आहेत. वस्तू काय, कोणत्या प्रकारच्या कारखान्यातली, आणि कोणत्या दिवशी भरली, एवढे लिहिले आहे. विज्ञानाच्या गुरुजींनी राख, चुना आणि पाणी कालवून आठवीच्या मुलांकडून लहान विटा पाडून घ्याव्यात, आठ-पंधरा दिवस ओल्या ठेवाव्यात आणि कोणती किती वजन पेलते ते पाहावे. तिसरी बाटली उघडताना तेवढी पंखा बंद करून उघडा.